पुढं जा गं

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बऱ्याच वर्षांनी माहेरी होते, कराडजवळच्या आमच्या गावी. वहिनीने सगळं नीट मांडलेलं, सोफे भिंतीला सरकवून मधे सतरंजी, दारात रांगोळी, टेबलावर वाणाच्या स्टीलच्या चाळण्यांचा ढीग. साडेपाचनंतर बायका यायला लागल्या आणि बघता बघता घर भरलं, अत्तराचा, गजऱ्यांचा आणि कपाटातून काढलेल्या रेशमी साड्यांमधल्या डांबरगोळ्यांचा असा तो हळदीकुंकवाचा म्हणून एक वास असतो ना, तो सगळीकडे. वहिनी म्हणाली, ताई तुम्ही करंडा धरा, मी तिळगूळ आणि वाण बघते. मग मी रांगेने एकेकीला हळद, मग कुंकू लावत निघाले. एकामागून एक कपाळं पुढे येतात, कुणी डोळे मिटतं, कुणी बोलता बोलताच मान वर करतं, कुणाची टिकली आड येते. त्या रांगेत स्वयंपाकघराच्या दाराजवळ माझी धाकटी काकू होती. ती खरं तर बसायला आलेलीच नव्हती, चहाचा ट्रे घेऊन आली होती आणि शेजारच्या मावशींनी हाताला धरून तिला खाली बसवलं होतं. मी तिच्यासमोर आले तेव्हा बोटाला हळद होतीच. काकूने पदर कपाळावर जरा पुढे ओढला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "पुढं जा गं."

मी पुढे गेले.

कुणाला काही कळलंही नाही. पलीकडच्या बाईंनी कपाळ पुढे केलं, मी हळद लावली, गप्पा चालू राहिल्या, काकू दोन मिनिटांनी रिकामे कप गोळा करून आत गेली. पण तिने ते म्हटल्यावर मला जे वाटलं ते मला अजून सोडत नाहीये. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिच्यापाशी पोचायच्या आधी चारपाच बायका असतानाच माझ्या डोक्यात सुरू झालं होतं की आता काय करायचं, लावायचं का, लावलं तर आई काय म्हणेल, या एवढ्या बायका काय म्हणतील, काकूलाच नको असेल तर, आणि तिने स्वतःच तो प्रश्न सोडवून टाकला म्हणून मला हायसं वाटलं. बारा दिवस आधी, ३ जानेवारीला, आमच्या ऑफिसात सावित्रीबाईंची जयंती झाली होती आणि मी दहा मिनिटं बोलले होते. १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, दिवस गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप येऊन बाळंत होता यावं म्हणून, आणि त्यातल्याच एका काशीबाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, हे सांगताना माझा आवाज खरंच भरून आला होता. तो खोटा नव्हता. आणि बारा दिवसांनी माझं बोट एका कपाळापासून वीतभर अंतरावरून मागे आलं, तेही खोटं नव्हतं.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या दिवशी मी तिथेच होते. गावाकडे अशा वेळी काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं, शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बायका येतात, बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, आणि त्या काचेच्या आवाजाने घरातली लहान पोरं दचकतात. माझ्या आईने त्या दिवशी ते होऊ दिलं नाही. तिने मोठ्याने काहीच म्हटलं नाही, वाद घातला नाही, फक्त काकूला धरून आत मोरीत नेलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, फोडायच्या नाहीत, काढायच्या. मी साबण आणि तांब्या घेऊन होते. काकूच्या हातात तीसेक वर्षांच्या सवयीच्या घट्ट हिरव्या बांगड्या, कष्टाने हाडं रुंदावलेली, बांगडी अंगठ्याच्या बुडाशी यायची आणि अडायची. आई साबणाचा फेस चोळत होती, एकेक बांगडी फिरवत फिरवत काढत होती, काकू नुसती हाताकडे बघत होती, रडतही नव्हती. बराच वेळ लागला. शेवटी दोन्ही मनगटं लालबुंद झाली होती आणि तांब्यात बावीस बांगड्या अखंड. एकही फुटली नाही याचं आईला त्या दुःखातही समाधान वाटलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तेव्हा मलाही वाटलं होतं की आईने केवढी मोठी गोष्ट केली. आता वाटतं, केलीच, पण काढल्या तर होत्याच. आणि साबण माझ्या हातात होता.

सुधारणेचा इतिहास आपण शाळेपासून सभा, ठराव, कायदे असा शिकतो. मला मात्र हल्ली त्यातली हातांचीच माणसं आठवत राहतात. १८९० सालचा मुंबईतल्या न्हाव्यांचा संप घ्या. विधवेचं केशवपन करायचं तर वस्तरा कुणाच्या तरी हातात हवा ना, शास्त्र सांगणारा भटजी काही स्वतः वस्तरा चालवत नाही. त्या कोवळ्या पोरी, दहा-बारा-पंधरा वर्षांच्या, ज्यांनी नवरा धड पाहिलाही नसेल, त्यांना परसात नेऊन पाटावर बसवायचं आणि केस उतरवायचे, हे काम गरीब न्हाव्याचं. पिढ्यान् पिढ्या त्याने ते केलं, कारण ते त्याचं काम होतं आणि नाही म्हटलं तर पोट. नारायण मेघाजी लोखंड्यांनी, म्हणजे फुल्यांच्या बरोबरच्या, 'दीनबंधु' चालवणाऱ्या, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंड्यांनी या न्हाव्यांना एकत्र केलं. शेकडो न्हावी जमले आणि यापुढे विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. ती सुट्टीही १८९०चीच आणि हा संपही. पुण्या-मुंबईतले मोठमोठे विद्वान वेदात केशवपन आहे का नाही यावर कागद काळे करत होते तेव्हा या लोकांनी हत्यार खाली ठेवलं. त्यातला एखादा न्हावी मला डोळ्यासमोर येतो, घरी गेल्यावर त्याने बायकोला काय सांगितलं असेल, दुसऱ्या दिवशी जजमानाच्या वाड्यावरून बोलावणं आलं तेव्हा तो दारात कसा उभा राहिला असेल. त्याचं नाव कुठे नाही. पुढेही पुष्कळ वर्षं केशवपनं होत राहिली, एका संपाने थांबली नाहीत. तरी त्या दिवशी त्या हातांनी नकार दिला होता.

आमच्यात केशवपन नव्हतं. आम्ही शेतकरी, कुणबी-मराठा, आमच्या बायकांचे केस कुणी उतरवले नाहीत. म्हणून लहानपणी मला वाटायचं की ते सगळं पेठेतल्या वाड्यांमधलं दुःख, आपलं नाही. माझी आजी विधवा होती, मी तिला पाहिलं तेव्हापासून विधवाच, पण तिच्या कपाळावर बरोबर मधोमध हिरवं गोंदण होतं. कुंकू पुसलं गेलं, गोंदण राहिलं. ते पुसणार कसं, ते कातडीत होतं. लहानपणी मी तिच्या मांडीवर पडून त्या गोंदणावर बोट ठेवायची आणि ती म्हणायची, हे देवाघरी संगं जाणार बघ माझ्या. तिच्या पेटीत एक पितळेची मेणाची डबी होती, जुन्या बायका कुंकू टिकावं म्हणून आधी मेण लावून वर कोरडं कुंकू दाबायच्या ना, ती डबी. आत मेण होतं, वाळून चिरा पडलेलं, त्याला मधाचा वास यायचा. कुंकू लावायचं बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी तिने ती डबी टाकली नव्हती. कधी कधी काढायची, पदराने पुसायची आणि परत ठेवायची.

त्या आजीनेच एकदा शेंगा फोडता फोडता मला सांगितलं की तिची सासू, म्हणजे माझी पणजी, पाटाची होती.

पाट म्हणजे काय हे तेव्हा मला कळलं नव्हतं. नंतर कळलं की आमच्यासारख्या जातींमध्ये विधवेने दुसरं घर करायची रीत आधीपासूनच होती, त्याला पाट लावणं म्हणायचे, कुठे मोहतूर म्हणायचे. इंग्रजांनी १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा केला त्याच्या कितीतरी आधीपासून. पणजीचा पहिला नवरा पटकीत गेला, ती अठरा-वीस वर्षांची असेल, आणि वर्षादीड वर्षाने माझ्या पणजोबांशी तिचा पाट लागला. आजी सांगायची तसं त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं, वाजंत्री नाही, मांडव नाही, काळोख्या पंधरवड्यात रात्री उरकायचं, आणि सकाळी सवाष्णींनी तिचं तोंड बघायचं नाही. लग्नाची ती लग्नाची आणि पाटाची ती पाटाची, हा फरक मरेपर्यंत राहायचा, हळद दळायला, नवरीला न्हाऊ घालायला पाटाचीला पुढे होता यायचं नाही. हे सगळं खरं, पण तिला घर मिळालं, चार मुलं झाली, तिने शेत राखलं, म्हातारी होऊन मेली. तिच्या पहिल्या घरची जमीन मात्र दिराकडे गेली, ते दुसरं घर केल्याबरोबर गेलंच म्हणायची आजी.

जमिनीचं हे वाक्य पुढे मला फार वेगळ्या ठिकाणी परत भेटलं. १८५६चा तो कायदा, ज्याच्याबद्दल आपण अभिमानाने शिकतो, ईश्वरचंद्र विद्यासागरांनी जिवाचं रान करून मिळवलेला, त्याने विधवेच्या पुनर्विवाहाला कायदेशीर केलं, पण त्याच्या दुसऱ्याच कलमात असं होतं की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला, जणू ती मेली असं धरायचं. ज्या वरच्या जातींमध्ये पुनर्विवाह नव्हताच तिथे निदान नवं काहीतरी मिळत होतं. पण १८९६ साली मुंबई हायकोर्टाने ठरवलं की जिथे पाट आधीपासून रूढ आहे त्या जातींनाही हे कलम लागू. म्हणजे ज्या बायकांना या कायद्याकडून नवीन काहीच मिळणार नव्हतं त्यांनाही त्यातलं गमावण्याचं कलम तेवढं लागलं. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते, फोनवर वाचत होते, आणि एकदम शेंगांची टरफलं आणि आजीचा आवाज आठवला. विद्यासागरांवरचा माझा आदर तसूभर कमी झाला नाही. नुसतं एवढं वाटलं की कलकत्त्यात आणि मुंबईत बसून ज्यांनी विधवा म्हणून जी बाई डोळ्यासमोर आणली ती माझी पणजी नव्हती.

आणि याच्यापुढची गोष्ट तर माझ्याच घरातली, मला माहीत असलेली. माझी थोरली आत्या चोवीसाव्या वर्षी विधवा झाली, १९७४ साली, पदरात एक मुलगी. सातारचा एक मास्तर होता, बायको गेलेला, त्याचं स्थळ कुणीतरी आणलं होतं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आपल्यात चालत नाही. आजीने मला हे सांगितलं तेव्हा तिने शेंग हातातच धरून ठेवली होती. आपल्यात चालत नाही! त्यांची स्वतःची आई पाटाची. मधल्या काळात काय झालं तर विहिरीवर इंजिन आलं, ऊस आला, कारखान्याचे शेअर आले, कौलारू घर झालं, भाऊबंदात मान आला, सोयरिकी मोठ्या घराण्यांत व्हायला लागल्या, आणि मोठ्या घराण्यांत पाट चालत नाही. पाट सोडला ही आमच्या घराने केलेली प्रगती होती. पुण्यात ब्राह्मण सुधारक शिव्याशाप खाऊन, बहिष्कार सोसून जे दार ढकलून उघडायचा प्रयत्न करत होते तेच दार आमच्याकडे दोन पिढ्यांत आतून लावून घेतलं गेलं, आणि तेही इभ्रत म्हणून. आत्या जन्मभर आमच्याच घरी राहिली. हळदीकुंकवाच्या दिवशी तिचं डोकं दुखायचं, दरवर्षी. आम्हा मुलांना ते खरंच वाटायचं, मी तिला बाम चोळून दिलेला आठवतोय.

पूर्वी मला न्यायमूर्ती रानड्यांचा राग यायचा. विधवाविवाहाचे एवढे पुरस्कर्ते, विष्णुशास्त्री पंडितांबरोबर पुनर्विवाहाची चळवळ उभी करणारे, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, आणि १८७३ साली पहिली बायको गेल्यावर वयाच्या एकतिसाव्या वर्षी लग्न कुणाशी तर अकरा वर्षांच्या मुलीशी. वडिलांना धास्ती होती की हा आता विधवेशी लग्न करणार, म्हणून त्यांनी घाईने मुलगी शोधून आणली, आणि रानडे वडिलांपुढे वाकले. ती मुलगी आमच्याच भागातली, देवराष्ट्र्याची. देवराष्ट्रे आम्ही लहानपणापासून यशवंतराव चव्हाणांचं आजोळ म्हणून ओळखायचो, रमाबाई रानडेही तिथल्याच हे मला कॉलेजात कळलं. त्या अकरा वर्षांच्या मुलीला रानड्यांनी शिकवलं, घरातल्या बायकांचे टोमणे खात ती शिकली, पुढे सेवासदन उभं केलं, हे सगळं आहेच. पण कॉलेजात मी तावातावाने म्हणायची की त्यांनी एकदा, फक्त एकदा, वडिलांना नाही म्हणायला हवं होतं. वडील असे किती ओरडले असते?

आता तो प्रश्न विचारताना माझा आवाज खाली येतो. माझ्या समोर तर ओरडणारं कुणी नव्हतंच. नुसती एक खोली, वीसपंचवीस ओळखीच्या बायका, आणि आई. म्हणून मी रानड्यांना माफ केलं असं नाही, त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या बाजूने बघितलं तर ते चुकलेच, आजही मी तेच म्हणेन. पण घरातल्या माणसांसमोर अंगातलं पाणी कसं होतं ते मला आता माहीत आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने ठराव केला, बहिष्कार घातला, आणि तो भोगावा लागला त्यांच्या म्हाताऱ्या आईला, गावात राहणारी ती होती. कर्व्यांच्या धैर्याबद्दल वाचताना मला आता त्या आईचंच जास्त मनात येतं, तिच्या दारावरून पुढे गेलेल्या बायका, पाणवठ्यावर तिच्याशी न बोललेल्या.

सगळ्यात जास्त मी अडकते ती रखमाबाईंपाशी. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठी झाल्यावर सांगितलं की या माणसाकडे मी नांदायला जाणार नाही, हे लग्न माझ्या संमतीने झालेलं नाही. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ साली कोर्टात खेचलं. पहिला निकाल तिच्या बाजूने, मग अपील, आणि १८८७ साली कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी! अख्खा महाराष्ट्र दोन बाजूंनी तुटून पडला, लंडनपर्यंत गाजलं, शेवटी दोन हजार रुपये देऊन १८८८ साली तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आली, सुरतेला, मग राजकोटला बायकांचे दवाखाने चालवले. तिची आईही विधवा झाल्यावर डॉक्टर सखाराम अर्जुनांशी पुन्हा लग्न केलेली, कारण त्यांच्या जातीत ती रीत होती. म्हणजे ही पाटाचीच लेक, आमच्या पणजीसारखीची. आणि १९०४ साली दादाजी वारला तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली.

ज्याला नवरा मानलं नाही म्हणून तुरुंगाची तयारी ठेवली, त्याच्यासाठी.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्क चिडले होते, अगदी फसवल्यासारखं वाटलं होतं. मग पुष्कळ दिवस विचार करत राहिले की का नेसली असेल. लोकांनी दवाखान्यात यावं म्हणून? परक्या मुलखात एकट्या बाईला संरक्षण म्हणून? का आत कुठेतरी, कोर्टाला नाही म्हणणाऱ्या बाईच्याही आत, आईने आजीने घातलेलं काहीतरी असतं जे खटल्याने जात नाही, माझ्या आजीच्या गोंदणासारखं? मला उत्तर मिळालेलं नाही. पण काकूने पदर पुढे ओढला तो क्षण मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मागे ती पांढरी साडी दिसते. तशाच पार्वतीबाई आठवले, गोदूबाईंची धाकटी बहीण, विसाव्या वर्षी विधवा, कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायच्या, आणि ही विधवांच्या शिक्षणासाठी दारोदार फिरणारी बाई कित्येक वर्षं स्वतः मात्र सोवळी, केशवपन केलेली. १९१२ साली त्यांनी ते सोडलं आणि केस राखले. चाळिशी ओलांडल्यावर डोक्यावर परत केस उगवताना हाताला ते कसे लागत असतील, पहिल्यांदा बोटभर वाढले तेव्हा त्यांनी आरशात बघितलं असेल का. सगळं पटलेलं असूनही त्यांना एवढी वर्षं लागली. मग पटण्यात आणि करण्यात जी वर्षं जातात त्यांना काय म्हणायचं, भित्रेपणा म्हणायचा का, मला माहीत नाही, मला तो शब्द त्यांच्यासाठी वापरवत नाही आणि स्वतःसाठी वापरल्याशिवाय राहवत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की गावात यापुढे कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे बंद, आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आमच्यापासून काही फार लांब नाही हेरवाड. मी ती बातमी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकली, अभिमान वाटतो असं लिहून. सगळ्यांनी अंगठे टाकले, भावाने टाळ्या, मुलांनी हार्ट. काका जाऊन तेव्हा पाचसहा महिनेच झाले होते. काकू त्या ग्रुपवर आहे. तिच्या नावापुढे मेसेज पाहिल्याची निळी खूण आली होती, ती मी पाहिली होती, आणि त्यानंतर मी तिला फोन केला नाही. काय बोलले असते? बांगड्या काढताना साबण मीच धरला होता.

रथसप्तमीला मी परत गावी गेले. रजा टाकली, घरी सांगितलं आईला बरं नाही, आई ठणठणीत होती. पहाटे काकू मागच्या अंगणात तुळशीपुढे गोवऱ्या रचत बसलेली, रथसप्तमीला सूर्याकडे तोंड करून दूध उतू घालायचं हे आमच्या घरी वर्षानुवर्षं तिचंच काम, बाकी कुणाला ते नीट जमत नाही. थंडी होती, गोवऱ्या दमट, धूर डोळ्यांत जात होता. छोट्या मातीच्या बोळक्यात दूध, ते आधी कडेने थरथरलं, मग साय वर उचलली गेली आणि पूर्वेच्या बाजूने ओघळलं तसं काकू म्हणाली, झालं, चांगल्या बाजूला गेलं. जळलेल्या दुधाचा आणि शेणाचा तो वास. घरात अजून कुणी उठलं नव्हतं. ताटात पूजेचा करंडा होता, तोच, चांदीचा.

मी बोटाला हळद घेतली. हात थरथरत होता आणि तो तिला दिसत होता. म्हटलं, काकू, त्या दिवशी मी पुढे जायला नको होतं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही, काडीने राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या बायांत कशाला गं, मला लाज वाटली असती." आणि मग, "नुसती हळद लाव." तिने पदर मागे घेतला. कपाळ गार होतं, कोरडं, मधे जिथे पूर्वी टिकली असायची तिथली कातडी जरा फिकी, अजून. मी हळद लावली. कुंकवाकडे मी हात नेला नाही, तिने जेवढं म्हटलं तेवढंच केलं, आणि ते बरोबर केलं का अर्धवट, हे त्या वेळीही कळलं नाही.

मग तिने करंडा माझ्या हातातून घेतला. विधवेने सवाष्णीला लावायचं नसतं, हे तिला माहीत, मला माहीत. तिने चिमटीत कुंकू घेतलं, डाव्या हाताने माझी हनुवटी धरली, लहानपणी शाळेत जाताना भांग पाडायला धरायची तशी, आणि म्हणाली, "हलू नकोस, सरळ बघ." तिच्या बोटांना धुराचा वास होता. थोडं कुंकू माझ्या नाकावर सांडलं. ते तिने पुसलं नाही, मीही पुसलं नाही, आणि आतून आईने विचारलं, काय गं, दूध गेलं का उतू?